सातवी रेघ

मिरजेच्या ठसाशास्त्र संस्थेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक नियम तोंडपाठ करावा लागे. कागदाला उघडा हात लावायचा नाही, आणि बोट जिभेला लावायचं तर मनातसुद्धा आणायचं नाही. हा नियम डॉ. हेरंब घैसास यांनी स्वतःच्या हाताने लिहून दारावर लावला होता. अठ्ठावीस वर्षांत तो एकदाही मोडला गेला नाही, असं ते पाहुण्यांना छाती फुगवून सांगत. म्हणूनच २०५२ सालच्या नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सकाळी फिलोमिना फर्नांडिसने एक जुनी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि त्यांचा हात पुढे होताच "सर, हातमोजे" असं म्हटलं, तेव्हा डॉक्टरांना राग आला. नियम त्यांचा, आणि आठवण करून देणार कोण, तर त्यांच्याच हाताखाली शिकलेली पोरगी! पण चूक आपली होती हे त्यांना कळत होतं, त्यामुळे त्यांनी हात मागे घेतला.

एरवी त्या दिवसांत स्वारी भलतीच खुशीत होती. अकरा दिवसांनी जागतिक मानक मंडळाची बैठक होती आणि तीत 'लाळठसा परीक्षा' हे नाव जाऊन 'घैसास परीक्षा' हे नाव कायमचं व्हायचं होतं. माणूस जातो, त्याची खुर्ची जाते, पण तापमापीवरचा सेल्सियस काही जात नाही, असं डॉक्टर नेहमी म्हणत. शंभर वर्षांनी कुठल्या तरी वर्गात आपलं आडनाव चुकीचं लिहिलं म्हणून कुणाचे तरी मार्क कापले जातील, या विचारानेसुद्धा त्यांना गुदगुल्या व्हायच्या.

परीक्षा तशी सोपी होती. बोट जिभेला लावून पान उलटायची आपली सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. ते ओलं बोट पानाच्या कोपऱ्यावर टेकतं आणि लाळेचा एक अदृश्य ठिपका तिथे राहून जातो. माणूस कोण हे तर त्या ठिपक्यात असतंच, पण त्या घटकेला त्याच्या मनात काय चाललं होतं तेही असतं. घाबरलेल्या माणसाच्या लाळेत पाचक द्रव्य वाढतं, हे विसाव्या शतकातच कळलं होतं. पुढे एका रशियन लेखकाच्या हस्तलिखितावर मॉर्फिनचे अंश सापडले. युरोपातल्या जुन्या प्रार्थनापुस्तकांवरचा बोटांचा मळ मोजून भाविक कुठली पानं मनापासून वाचत आणि कुठल्या पानांवर पेंगत, हेही एका संशोधिकेने शोधून काढलं. डॉक्टर त्याच्या पुढे गेले. त्यांच्या ठसावाचक यंत्रात पानाचा कोपरा धरला की पडद्यावर सात रेघा उमटत. लाळेतली प्रथिनं ठरावीक गतीने मोडत जातात, त्यावरून ठसा कुठल्या सालचा हेही यंत्र सांगे.

पहिल्या पाच रेघा भीती, दुःख, राग, आनंद आणि कंटाळ्याच्या. सहावी आश्चर्याची. सातवी कशाची हे मात्र कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. विद्वानांनी एकमेकांचे निबंध वाचले असतील त्या पानांवर ती हटकून सापडे, म्हणून डॉक्टरांनी तिला तात्पुरतं 'एकाग्रता' म्हणून टाकलं होतं. फिलोमिनाला ते पटत नसे. सहा वर्षं ती त्या एका रेघेच्या मागे हात धुऊन लागली होती.

तर ती वही. फिलोमिना मूळची मालवणची. तिथल्या एका जुन्या वाचनालयाची इमारत उतरवायची होती, सुट्टीत ती पुस्तकं हलवायला मदतीला गेली आणि किडामुंगीच्या पुस्तकांच्या कपाटात तिला ही निळ्या पुठ्ठ्याची वही मिळाली. पाठीवर इतर पुस्तकांसारखाच क्रमांक. आत सुरेख अक्षरात नाव, कु. इंदुमती रेडकर, साहाय्यक ग्रंथपाल. बाई २०११ साली वारल्या होत्या, मागे कुणी नव्हतं. "तुम्हाला फार आवडेल ही, सर," असं फिलोमिना म्हणाली, आणि बिचारीला खरंच तसं वाटत होतं.

हातमोजे चढवून डॉक्टर वाचायला बसले. इंदुमतीबाईंना एक साधा प्रश्न पडला होता. पुस्तकांना कसर लागते हे ठीक, पण ती पानांचे खालचे उजवे कोपरेच आधी का खाते? त्यातही रहस्यकथांचे जास्त, आणि त्यातही शेवटच्या वीस पानांचे? बाईंनी सोळा वर्षं नोंदी केल्या. मग त्यांनी एक प्रयोग केला. भाताच्या पेजेच्या पाण्यात पातळ कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवल्या. त्या जराशा ओलसर करून पानांच्या कोपऱ्यांवर तासभर दाबून ठेवल्या आणि नंतर वाचनालयाच्या प्रथमोपचाराच्या डब्यातलं आयोडीन त्यांवर फिरवलं. पेजेमुळे पट्टी निळी झाली, पण जिथे थुंकी लागली होती तिथे पांढरा ठिपका राहिला. पुस्तकातला प्रसंग जितका भयंकर, तितका ठिपका मोठा.

एक्केचाळिसाव्या पानावर १९९४ सालची तारीख होती आणि खाली दोन ओळी. 'वाचक भितो तेव्हा त्याच्या थुंकीत काहीतरी वाढते. ते नीट मोजता आले, तर वाचकाच्या मनात काय झाले ते पुस्तकालाच विचारता येईल.'

डॉक्टरांनी ते पान पुन्हा वाचलं. हा सगळा त्यांचा शोध होता, त्यांच्या लहानपणीच पुरा झालेला, कुणा बाईने पेजेच्या पाण्यात लावलेला.

"छापलंय कुठे हे?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. तीन ठिकाणी पाठवलं होतं, कुणी साधी पोचसुद्धा दिली नाही. मग त्यांनी वहीला क्रमांक घातला आणि सरळ कपाटात लावली."

"म्हणजे अप्रकाशित."

"वाचनालयात क्रमांक घालून ठेवलेली वही अप्रकाशित कशी, सर? १९९५ पासून कुणीही ती घरी नेऊ शकत होतं."

"नेली का कुणी?"

फिलोमिनाने शेवटचं पान उघडलं. तारखांच्या चिठ्ठीवर एकुलता एक शिक्का होता, १८ मे २०१०, आणि पुढे सभासद क्रमांक ६११. सभासदांची वही एका वादळात समुद्राचं पाणी शिरून गेली होती, त्यामुळे हा सहाशे अकरा कोण ते कळायला मार्ग नव्हता. एका वाचकाने काही प्रसिद्ध होत नसतं, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर बोट ठेवलं. तिथे एक चिठ्ठी चिकटवलेली होती. 'थुंकी लावून पाने उलटू नयेत हा आपला नियम या वहीस लागू नाही. वाचकांनी अवश्य लावावी. इं. रे.'

"गचाळपणा नुसता," डॉक्टर म्हणाले. "याला विज्ञान म्हणायचं?"

फिलोमिना हसली, मग सरांचा चेहरा पाहून तिने हसू आवरलं. तिने हळूच विचारलं की, नाव ठरायच्या आधी हे मंडळाला कळवायला हवं ना. आता याला नाही म्हणायचं कसं? हेच डॉक्टर दर वर्षी नव्या मुलांना शीले नावाच्या स्वीडिश औषधविक्याची गोष्ट सांगत. त्याने प्राणवायू सगळ्यांच्या आधी शोधला, पण पुस्तक छापायला उशीर झाला आणि मान भलत्यालाच मिळाला. पहिल्या शोधकाला त्याचं श्रेय दिलंच पाहिजे, असं ते टेबलावर हात आपटून सांगत. शीले मेला त्याला अडीचशे वर्षं झाली होती, त्यामुळे त्याला श्रेय द्यायला डॉक्टरांचं काहीच जात नव्हतं.

"कळव," ते म्हणाले.

पुढचे दिवस डॉक्टरांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. मंडळाने उत्तर पाठवलं ते फिलोमिनाच्या नावाने, त्यांना फक्त प्रत. वर्तमानपत्रांत इंदुमतीबाईंचा एकमेव फोटो झळकला. कपाटाला टेकून उभ्या, कमरेला खोचलेला पदर, हातात आयोडीनची बाटली, आणि चेहऱ्यावर जगाला काही सांगायची जराही घाई नाही. त्या चेहऱ्याने तर डॉक्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला. वार्ताहर त्यांच्याकडे आले, पण मुलाखतीसाठी नाही, प्रतिक्रियेसाठी. अठ्ठावीस वर्षं मुलाखती दिलेला माणूस दोन ओळींच्या प्रतिक्रियेवर आला. त्यातल्या एका पोरीने तर, तुम्हाला रेडकरबाईंना भेटायला आवडलं असतं का, असं विचारलं. हो, फार, असं ते म्हणाले आणि दातओठ खात घरी आले.

मेलेल्या बाईचा हेवा करणं किती लाजिरवाणं, हे त्यांना कळत होतं. पण कळून काय उपयोग? जेवताना ती वही आठवे. वाटीत पेज वाढली तर घास उतरेना. तिचं अक्षर चांगलं होतं याचाही राग, तिला महागडी यंत्रं लागली नाहीत याचाही राग. तिने शोध लावला, फिलोमिनाने तो शोधून काढला, मग मधल्या मधे आपण कोण? फिलोमिना सकाळी हसून नमस्कार करी, तेही त्यांना झोंबे. ही पोर माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं. खरं तर तिला खुर्ची नको होती, तिला सातवी रेघ हवी होती. आणि गंमत म्हणजे हे डॉक्टरांनाही माहीत होतं.

मालवण त्यांनी एकदाच पाहिलं होतं. विशीत कावीळ झाली होती, तेव्हा महिनाभर मावशीकडे हवापालटाला. उसाचा रस आणि लांबच लांब कंटाळवाण्या दुपारी, याखेरीज त्यातलं काही त्यांना आठवत नव्हतं.

पाचव्या दिवशी त्यांना उपाय सुचला. आपल्याला ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली, हे सिद्ध केलं की झालं! दोघांनी वेगवेगळा लावलेला शोध, नावं दोन्ही जोडून द्या म्हणावं, आणि त्यातही घैसास आधी. पुरावा तर घरातच होता. शोधाची ती गोष्ट ते शेकडो व्याख्यानांत सांगत आले होते. आई रोज पोथी वाचायची, जिभेला बोट लावून पानं उलटायची. ती गेल्यावर त्यांनी पोथी उघडली तर नेमके बोटाच्या जागचेच कोपरे कसरीने खाल्लेले, आणि तिथे त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. श्रोत्यांत बायका डोळे पुसत. पोथी सांगलीला थोरल्या बहिणीकडे, स्मिताताईंकडे होती. डॉक्टर गाडी काढून तडक निघाले.

स्मिताताईंनी हात धुऊन देवघरातून पोथी आणली. तांबड्या कापडात गुंडाळलेली, आत कडुनिंबाचा पाला आणि कापराची वडी. डॉक्टरांनी गाठ सोडली. पोथीचं एकही पान खाल्लेलं नव्हतं. सगळे कोपरे शाबूत.

"ही नव्हे," ते म्हणाले. "आईची ती दुसरी. कोपरे खाल्लेली."

"दुसरी कुठली? ही एकच," ताई म्हणाल्या. "आणि कसर लागेल कशी? दर चार महिन्यांनी पाला बदलायची ती."

"अगं, पण ती थुंकी लावून पानं उलटायची ना?"

ताईंनी कपाळाला हात लावला. "हेरंबा, आंघोळ केल्याशिवाय पोथीला शिवत नव्हती ती. आणि उष्टा हात लावेल? पोथीला? तू ते व्याख्यानात सांगतोस तेव्हा मला वाटायचं, लोकांना बरं वाटावं म्हणून सांगतोस. म्हटलं, मोठा माणूस आहे, कशाला बोला."

आणि ते खरंच होतं. आईचं सोवळं त्यांना चांगलं आठवत होतं. पोथीची सुटी पानं ती दोन्ही हातांनी अलगद उचलून पालथी घाली, हेही आठवत होतं. तरी ती गोष्ट त्यांना तितकीच स्पष्ट आठवत होती, तिचा वास, उजेड, सगळं. जन्मभर सांगितलेली गोष्ट खोटी होती, आणि ती खोटी आहे हे ती सांगणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं. ताईंनी चहा टाकला होता, तो न घेताच डॉक्टर परत निघाले.

शहाण्या माणसाने इथेच थांबून विचार केला असता. मग आपल्याला सुचलं तरी कुठून, असं स्वतःला विचारलं असतं. पण मत्सर माणसाला तेवढी फुरसत देत नाही. सांगली ते मिरज या एवढ्याशा रस्त्यात डॉक्टरांनी उलटाच हिशेब मांडला. आठवण चुकू शकते, पण शोध आपला तो आपलाच. तेव्हा वहीतच खोट असणार. एक्केचाळिसावं पान नंतर कुणीतरी लिहून घातलं असणार. कोण? मालवणचं कोण आहे आपल्याकडे? संस्थेचा जिना चढताना त्यांना स्वतःच्या बुद्धीचं कौतुकसुद्धा वाटलं.

त्यांनी मंडळाला कळवलं की वहीची लाळठसा परीक्षा व्हावी, मंडळाच्या निरीक्षकांसमक्ष. खरा शोधक लिहीत असतो तेव्हा पानावर सहावी रेघ, आश्चर्याची, उमटल्याशिवाय राहत नाही. नक्कल करणाऱ्याच्या पानावर ती नसते. फिलोमिनाला त्यांनी हे तोंडावर सांगितलं. आपल्यावर काय आळ येतो आहे ते तिला समजलं. तिचा चेहरा उतरला, पण ती एवढंच म्हणाली, "करू या, सर. त्यांनी त्यासाठीच तर थुंकी लावायला सांगितलंय."

पुढच्या शुक्रवारी, बैठकीच्याच दिवशी, सकाळी अकराला परीक्षा सुरू झाली. मंडळाच्या निरीक्षक जिनिव्हाहून पडद्यावर होत्या, वयस्कर, मितभाषी बाई. आपण ऐतिहासिक कागदांच्या जाणकार आहोत, रसायनाच्या नव्हे, तेव्हा पायरी पायरीने सांगा, असं त्यांनी आधीच म्हटलं होतं. फिलोमिनाने एक्केचाळिसावं पान यंत्रात धरलं. यंत्र किंचित घरघरलं आणि पडद्यावर तांबडी अक्षरं आली: 'चूक. मूळ नमुना मिसळला आहे. परीक्षा रद्द.'

"म्हणजे काय?" निरीक्षकांनी विचारलं.

फिलोमिनाने सांगितलं की, वजनाच्या काट्याला जसं प्रमाण वजन लागतं, तशी या यंत्राला प्रमाण लाळ लागते. जगातलं प्रत्येक ठसावाचक यंत्र एकाच माणसाच्या लाळेवर जुळवलेलं आहे. २०२४ साली सरांनी पहिला प्रयोग स्वतःवर केला, तोच हा मूळ नमुना. तो चुकून कागदावर सांडला तर निकाल बिघडेल, म्हणून तो दिसला की यंत्र आपणहून थांबतं.

डॉक्टरांना तेवढंच निमित्त हवं होतं. यंत्र नीट धुतलं नाहीस, हाच का तुझा काटेकोरपणा, असं ते परक्या बाईंसमोर फिलोमिनाला बोलले. तिने मुकाट्याने नळ्या बदलल्या. पुन्हा तीच अक्षरं. मग डॉक्टरांनी तिला बाजूला केलं, स्वतः हातमोजे घातले, स्वतः यंत्र धुतलं, नवं कोरं पान लावून बघितलं. कोऱ्या पानाला यंत्र काही म्हणेना. त्यांनी वहीचं पान धरलं. 'मूळ नमुना मिसळला आहे.'

फिलोमिनाला आधी कळलं. तिने सरांकडे पाहिलं, आणि तिच्या नजरेत विजय नव्हता, भीती होती.

"सर, थांबू या का?" ती हळूच म्हणाली.

"का थांबायचं? थांबण्याची सोय बंद कर आणि थर वेगळे करून दाखव."

तिने तसं केलं. पडद्यावर दोन थर आले. खालचा थर बाईचा, वय चाळिशीच्या पुढे, साल १९९४, लिहिणारीचा. त्यात सहावी रेघ स्पष्ट होती, आणि तिच्या वर आनंदाची. पान खरं होतं. वरचा थर पुरुषाचा, वय सुमारे वीस, साल २०१०. त्याच्यापुढे यंत्राने लिहिलं होतं, 'मूळ नमुन्याशी पूर्ण जुळतो.'

निरीक्षकांनी चष्मा पुसला. या दिवसांत वही हाताळताना डॉक्टरांचा हात लागला नसेल ना, अशी त्यांनी सभ्यपणे वाट काढून दिली. डॉक्टरांना ती वाट दिसली. नुसतं हो म्हणायचं होतं. पण ठसा बेचाळीस वर्षांचा होता आणि वयाचं ते गणित त्यांनीच बसवलं होतं. शिवाय पहिल्या दिवशी त्यांना हातमोजे घालायला लावणारी पोरगी शेजारीच उभी होती, आणि ती त्यांच्या बाजूने खोटं बोलली नसती, विरुद्धही बोलली नसती.

"नाही," ते म्हणाले. "सहाशे अकरा नंबरवर ही वही नेली ती मीच."

आता सगळं आठवलं असं नाही झालं. आठवली ती फक्त एक दुपार, मावशीचं वाचनालयाचं कार्ड, आणि थुंकी लावायला परवानगी देणारी एक गमतीदार वही. शिस्तीच्या घरातला मुलगा तो, परवानगी मिळाली म्हणून पानापानाला लावली. नंतर चौदा वर्षांनी ती वही मनाच्या तळातून वर आली तेव्हा तिच्यावरचं नाव पुसलं गेलं होतं. डॉक्टरांना वाटलं, आपल्यालाच सुचलं. मग त्या सुचण्याला एक आई लागली, एक पोथी लागली, तीही मनाने पुरवली. इंदुमतीबाईंनी मात्र एकट्या वाचकालाही सोडलं नव्हतं. पुस्तकालाच विचारता येईल, असं त्यांनी लिहिलं होतं आणि विचारायची सोय करून ठेवली होती.

"पुढची पानं लाव," डॉक्टर म्हणाले.

फिलोमिनाने एकेक पान लावलं. एक्केचाळिसाव्या पानावर त्या वीस वर्षांच्या मुलाची आश्चर्याची रेघ इतकी उंच होती की तेवढी कुठल्याच कागदावर सापडली नव्हती. बेचाळिसाव्यावर ती खाली आली आणि सातवी वर चढू लागली. पन्नासाव्यावर सातवी चांगली वर. वही संपेपर्यंत ती चढतच गेली होती.

डॉक्टरांनी त्या रेघेवरून शेवटपर्यंत नजर फिरवली. मग त्यांनी उजव्या हाताचा हातमोजा काढला. फिलोमिनाला वाटलं, ते आता निघून जाणार. पण त्यांनी तर्जनी जिभेला लावली आणि समोरच्या कोऱ्या पट्टीवर टेकवली. दारावरचा नियम अठ्ठावीस वर्षांनी मोडला, तो लिहिणाऱ्याने. "लाव हे," ते म्हणाले.

पडद्यावर बाकीच्या रेघा जेमतेम हलल्या. सातवी मात्र पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली.

"ही एकाग्रता नव्हे," डॉक्टर म्हणाले. "अकरा दिवस मी तुझ्यावर जळतोय, फिलोमिना, आणि त्या बाईवर जळतोय. घास गोड लागला नाही मला. तू खोटं पान घातलंस, असं मी तुझ्याबद्दल मनात आणलं. मला दुसरं काहीही वाटत नव्हतं, तेव्हा ही रेघ दुसऱ्या कशाची असूच शकत नाही. हा मत्सर आहे. विसाव्या वर्षीही तोच होता. हे मला का सुचलं नाही, असं वाटत मी ती वही संपवली असणार."

फिलोमिना खुर्चीत बसली. विद्वानांनी एकमेकांचे निबंध वाचलेली ती सगळी पानं तिच्या डोळ्यांपुढून गेली, आणि तिला हसावं की रडावं कळेना. सहा वर्षं तिने झोप, पोट, चष्मा, चहा, सगळं तपासलं होतं. हेच काय ते तपासलं नव्हतं.

निरीक्षकांनी विचारलं की, मग नोंद काय करायची. डॉक्टर सावकाश बोलले. परीक्षा रेडकरांची, तिला 'रेडकर परीक्षा' म्हणा. वही छापा, आणि सहाशे अकरा नंबर कोण तेही छापा.

"आणि सातवी रेघ," ते म्हणाले, "मी ओळखली. हा शोध माझा आहे, तो कुठल्या वहीत वाचलेला नाही. तिला माझं नाव द्या."

निरीक्षकांनी विचारलं, आपण नीट विचार केलाय ना. ज्या रेघेला हे नाव लागेल ती कसली रेघ आहे, हे जगात सगळ्यांना कळेल. डॉक्टर म्हणाले, म्हणून तर. तेवढ्यात फिलोमिना घसा खाकरून म्हणाली, "सर, एका नमुन्यावर काही सिद्ध होत नाही. हे तुम्हीच शिकवलंत."

तिच्या आवाजाला धार होती. डॉक्टरांनी वळून तिच्याकडे पाहिलं. सहा वर्षांचं काम त्यांनी एका बैठकीत, उभ्या उभ्या नेलं होतं, आणि तेही बोट जिभेला लावून. तो चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. गेले अकरा दिवस सकाळी दाढी करताना आरशात तोच बघत होते ते.

"मग दुसरा नमुना दे," ते म्हणाले. "हातमोजा काढ."

फिलोमिनाने क्षणभर त्यांच्याकडे रागाने बघितलं. मग हातमोजा ओढून काढला, बोट जिभेला लावलं आणि पट्टीवर दाबलं. यंत्र घरघरलं. घैसास रेघ हळूहळू वर चढायला लागली, आणि ती कुठवर जाते ते बघायला दोघंही मान उंचावून उभे राहिले.